एंजॉय करतोस ना?

लग्नात, बारशात, अगदी तेराव्यालासुद्धा कुणीतरी विचारतंच, "मग, काम एंजॉय करतोस ना?" अहो, काम निवडलं होतं कुणी? दहावीला मार्क पडले म्हणून सायन्स. सीईटीच्या कॅप राउंडला जी ब्रँच लागली ती. मेकॅनिकल! चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स घोकलं, वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासून तळहात सोलून घेतले, आणि कॅम्पसला आलं कोण? सॉफ्टवेअरवाले! आता हिंजवडीत बसून कुठल्याशा परदेशी बँकेच्या स्क्रीनवरचं बटण दाबलं जातंय का, ते तपासतो. दिवसभर. एंजॉयच एंजॉय!

बरं, विचारणारे काका कोण? केमिस्ट्रीत एमएस्सी, आणि उभी हयात बँकेत व्हाउचरवर शिक्के मारण्यात गेली. तुम्ही कधी एंजॉय केलंत हो, काका? तिकडे झेडपीचा मास्तर शिकवायला म्हणून डीएड करतो आणि फिरतो मतदारयाद्या, जनगणना, खिचडीचा हिशेब घेऊन. त्याला विचारा की!

त्यात आमच्या एचआरचा 'फन फ्रायडे'. संगीत खुर्ची! तिशीतल्या बाप्यांची! पोटासाठी वेळ विकलाय, तो इमानदारीत देतो. वर हसरा चेहराही फुकटात हवाय? त्याचं वेगळं पॅकेज काढा, मग बघू.