ब्राँझचा गिअर आणि चिपळूणच्या वाचकाचा राग

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणारा भाग, इंजिनच्या कॅमवरून (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गिअरने फिरतो; तो गिअर कॅमच्या धातूशी जुळणारा हवा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'ब्राँझचा गिअर कुठल्याही कॅमला चालतो, मग मटेरियलचं एवढं सोवळं कशाला? उगाच घाबरवता. कोकणात व्ही-८ आहेत किती? आणि एंड-प्लेचा आकडा कुठाय?' आकडा द्यायला हवा होता, मान्य. शेवरोले स्मॉल ब्लॉक या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरला एंड-प्ले, म्हणजे शाफ्टची वरखाली हालचाल, साधारण ०.०१० ते ०.०३० इंच, फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजा, जास्त असेल तर गिअरच्या वर शिम (पातळ चकती) घाला.

'घाबरवता' हे मात्र झोंबलं. ज्याची हयात तेलाने काळ्या झालेल्या हातांनी गेली, त्याला हे सांगण्याआधी स्वतःचा डिस्ट्रिब्युटर एकदा उपसून बघायचा होतात.

बिडाच्या फ्लॅट-टॅपेट कॅमला (सपाट तळाच्या टॅपेटवर घासत चालणारा) बिडाचाच गिअर. तोच बिडाचा गिअर पोलादी बिलेट (अखंड पोलादातून कोरलेल्या) रोलर कॅमवर (चाकाच्या टॅपेटवर चालणारा) बसवलात, की दाते सुरीसारखे पातळ होतात आणि भुकटी तेलात उतरते. तिथे ब्राँझ, पॉलिमर किंवा पृष्ठभाग खास कडक केलेला पोलादी गिअर लागतो. ब्राँझ मऊ असतो तो मुद्दाम: झिजायचं ते त्यानेच. गिअर बदलायला डिस्ट्रिब्युटर वर काढला की झालं, कॅमसाठी मात्र इंजिनचं तोंड उघडावं लागतं. बिडाच्या कॅमवरही ब्राँझ फिरतो, नाही कोण म्हणतंय? पण जिथे बिडाच्या गिअरकडे वर्षानुवर्षं बघावं लागत नाही, तिथे झीज तपासत बसायची हौस कशाला? शिवाय ऑइल पंपही त्याच शाफ्टवर फिरतो. हाय-व्हॉल्यूम पंप आणि जाड तेल असेल तर सगळा भार त्या दात्यांवर. आधी टायमिंग लाइटखाली (स्पार्कची वेळ तपासायचा दिवा) खूण नाचू लागते. दाते पार गेले, की स्पार्क आणि तेलाचा दाब दोन्ही एकदम जातात.

बसवताना दात्यांना मॉलिब्डेनम पेस्ट लावा, इंजिन हाताने फिरवा, ठसा दात्याच्या मध्यावर येतो का बघा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा काढून पाहा. आपल्याकडे गाडी जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली असते. गिअर कोरडा पडतो, दमट हवेत गंज धरतो, आणि गंजलेला दाता समोरच्या दात्याला कानशीसारखा घासतो. म्हणून पावसाळ्यानंतर स्टार्टर मारण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढा, ड्रिलने पंप फिरवून तेल वर चढवा.

व्ही-८ किती, हे आरटीओला विचारा. तुमच्या गाडीत कॅम कुठला, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. रोलर म्हणजे बिलेटच असंही नाही, काहींची कोअर, म्हणजे मूळ दांडा, डक्टाइल (कमी ठिसूळ) लोखंडाची असते. कॅमसोबतचं कार्ड शोधा, कोअर कसली ते वाचा, मग खुशाल भांडायला या.