बर्फीची कानउपटणी

बर्फी ही आमच्या सोसायटीतली कुत्री. कुत्र्यांच्या पार्लरवाल्याने तिच्या कानातले केस मूठभर उपटले आणि कान बिघडला, याहून जास्त पुन्हा सांगत बसत नाही. सोसायटीच्या ग्रुपवरचे फोटो अख्ख्या डोंबिवलीने पाहिलेत, काहींनी जेवताना पाहिलेत. परवा रात्री पाऊस उघडल्यावर गिरणीसमोरच्या कट्ट्यावर पक्याने कटिंगचा पहिला घोट घेतला आणि निकाल जाहीर केला.

"पार्लरवाल्याची चूक एवढीच, की काम अर्धवट सोडलं. कानातला प्रत्येक केस मुळापासून निघाला पाहिजे. केस असले की हवा खेळत नाही, हवा खेळली नाही की ओल, ओल आली की इन्फेक्शन. शाळेतलं विज्ञान आहे."

पक्याने आजवर पाळलेला एकमेव प्राणी म्हणजे फायटर मासा. त्याच्या कानाचा प्रश्न कधी आला नाही.

"शाळेत विज्ञानात किती होते रे तुला?" बंड्या.

"विषय बदलू नकोस."

मीनल आत्तापर्यंत गप्प होती. ती कुत्र्यांचे केस कापते; गल्लीतले निम्मे शित्झू आणि ल्हासा, म्हणजे ती लांब केसांची छोटी कुत्री, तिच्याच कात्रीखालून जातात. (बर्फी जायची नाही, हे तिने स्वतःहून सांगितलं नाही, बंड्याने सांगितलं.) तिने बिस्किटाच्या पुड्याचा कागद घेतला, बंड्याच्या खिशातलं पेन काढलं आणि काटकोन काढला.

"हा कुत्र्याचा कान. वरून सरळ खाली उतरतो, मग काटकोनात आत वळतो, आणि तिथे टोकाला ऐकण्याचा पडदा. आपली कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, कुत्र्याची जातीप्रमाणे पाच ते दहा. त्यात बर्फीच्या भोकावर कानाची पाळी दारावरच्या पडद्यासारखी लोंबते. तू आतले चार केस उपटून वारा खेळवणार? आधी पडदा तरी सरकव."

"मग लोक उपटतात कशाला?"

"पॅकेजमध्ये आहे म्हणून. आंघोळ, नखं, कानातले केस, सगळं मिळून अमुक रुपये. उद्या पॅकेजमध्ये दाढ काढणं घातलं तर काढून घ्याल?"

इथे अण्णा हसले आणि त्यांना ठसका लागला, म्हणून दोन मिनिटं चर्चा थांबली.

ठसका ओसरल्यावर मीनलने सांगितलं ते नीट ऐकण्यासारखं होतं. केस उपटला की मुळाचं तोंड उघडं पडतं. एक उपटला तर त्वचा सांभाळून घेते. मूठभर उपटले की आतली कातडी सुजते, पाण्यासारखा स्राव झिरपतो, आणि तो त्या बंद, कोमट नळीत साचतो. मॅलॅसेझिया नावाची बुरशी निरोगी कानातही थोडीफार असतेच, जिवाणूही असतात. एरवी निमूट राहतात. ओल आणि सुजलेली त्वचा मिळाली की त्यांची जत्रा भरते. बर्फी दोन-तीन दिवसांनी मान झटकायला लागली, ती ह्याच हिशेबाने. त्यात आपल्याकडची श्रावणातली हवा, जिथे वाळत घातलेला टॉवेलच तीन दिवस वाळत नाही.

"पण पावडर लावून उपटतात ना!" पक्याने मोबाईल पुढे केला. त्याच्याकडे प्रत्येक विषयावर साडेतीन मिनिटांचा एक व्हिडिओ असतो. "बघ. चिमटीने, एका झटक्यात. कुत्रं हूं की चूं करत नाही."

"आवाज बंद करून वर गाणं लावलंय, कसं ऐकू येणार? आणि पावडर औषध नाही रे. राळ, झिंक ऑक्साइड असलं काहीतरी असतं, केस हाताला घसरू नये म्हणून. आत उरली की मळात मिसळून तिचा गोळा होतो. मग तो काढायला वेगळं पॅकेज."

"म्हणजे तू कधीच काढत नाहीस?"

"असं म्हटलं का मी? कान चांगला असेल तर आतल्या केसाला हात लावत नाही. चांगला म्हणजे आतून फिकट गुलाबी, थोडासा फिकट मळ, वास नाही, आणि हात लावला तर कुत्रं मान काढून घेत नाही. बाहेरचे मात्र कापते. पाळीच्या आतल्या बाजूचे आणि भोकाच्या तोंडाशी असलेले, केस कापायच्या मशीनच्या दहा नंबरच्या ब्लेडने किंवा बोथट टोकाच्या कात्रीने. पाळी हलकी होते, तोंड मोकळं होतं. तुझी हवा काय खेळायची ती एवढ्यात खेळते. फक्त कापलेले केस आत पडू द्यायचे नाहीत, नाहीतर तेच टोचतात."

बंड्याचा भीम हा लॅब्रेडॉर. बंड्याचा प्रश्न साहजिक होता: भीमच्या कानाच्या नळीत केस नसल्यासारखेच, मग वर्षातून तीनदा कान कसा बिघडतो?

"हाच प्रश्न पक्याला विचार," मीनल म्हणाली. "केसांनीच कान बिघडत असते तर डॉक्टरकडच्या बाकड्यावर नुसते पुडल बसले असते. तिथे लॅब्रेडॉर किती असतात मोज. पुडलच्या कानात बुचासारखे केस, आणि कित्येकांना जन्मात कानाचं औषध लागत नाही."

पक्या गप्प. ही वेळ नोंदवून ठेवण्यासारखी होती, पण बंड्याने लगेच कॉलनी चषकाची फायनल काढली. पक्या अंपायर होता, बंड्याच्या बॉलवर बॅटची कड लागली, आवाज फुटपाथवरच्या भाजीवाल्यापर्यंत गेला आणि पक्याने नॉटआउट दिला. अकरा वर्षं झाली. हे प्रकरण कट्ट्यावर सरासरी दहा दिवसांनी निघतं.

"मला ऐकू आलं नाही तर मी काय करू?" पक्याचं अकरा वर्षांपूर्वीचंच उत्तर.

मीनलने गाडी परत कानावर आणली. भीमसारख्यांच्या मागे बहुतेकदा ॲलर्जी असते, धुळीची, परागकणांची, क्वचित खाण्यातल्या कशाची. कान ही आतून कातडीच आहे, पोटाला आणि पंजाला खाज सुटते तशी तिथेही सुटते. कारण तसंच ठेवून नुसता कान साफ केला की महिन्याभराने परत तेच. आणि एकाच कानाला अचानक, फिरून आल्या आल्या झटके सुरू झाले तर कुसळ गेलं असं धरून चालायचं. "दिवाळीनंतर मलंगगडाच्या पायथ्याला नेतोस ना त्याला? तिथलं वाळलेलं गवत. कुसळाला उलटे काटे असतात, पुढेच सरकतं, पडद्यातूनही आरपार जातं. चिमटा घेऊन स्वतः बसू नकोस. त्याच दिवशी डॉक्टर."

"मी सांगू?" अण्णा म्हणाले. आम्हाला माहीत होतं काय सांगणार ते. "दोन थेंब कोमट खोबरेल."

"अण्णा, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, नको. त्या बुरशीला तेलकटपणाच आवडतो. तुम्ही तिला फराळ वाढताय."

"हळद घालून?"

"चकलीही तळा मग."

अण्णा दुखावले नाहीत. ते खोबरेलाने सायकलची चेनही दुरुस्त करतात.

मग साफ कसा करायचा, यावर बंड्याने खरोखरच मोबाईलमध्ये टिपण घेतलं. कुत्र्याच्या कानाचंच क्लीनर घ्यायचं. स्पिरिट, पेरॉक्साइड, व्हिनेगर काही नाही, सोललेल्या कातडीवर ते आगीसारखं झोंबतं आणि कुत्रं पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली जातं. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची. पाळी वर उचलायची, नळीचं तोंड भरेपर्यंत ओतायचं, नोझल कानाला टेकवायचं नाही. मग कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, अर्धा मिनिट चोळायचं. पचक पचक आवाज आला म्हणजे औषध खाली पोचलं. मग सोडून द्यायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. ते मान झटकतं, आतला मळ वर येतो. बोट जाईल तेवढंच कापसाने पुसायचं. बड्स अजिबात नाहीत, त्याने मळ त्या काटकोनात ठासला जातो. आणि रोज नाही! निरोगी कानाची कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेला आपली आपण सरकत असते, मळ सोबत आणते. रोज धुतलं तर ती भिजून फुगते आणि आपणच रोगाला दार उघडतो. आंघोळीनंतर, पोहून आल्यावर, एरवी मळ दिसला तर.

"आणि बर्फीसारख्या कानाचं?" बंड्या.

"त्याला घरात काहीच ओतायचं नाही. आधी डॉक्टर. ते दुर्बीण घालून पडदा शाबूत आहे का बघतात. फाटलेल्या पडद्यावर थेंबांतलं जेंटामायसिन, म्हणजे जिवाणू मारायचं औषध, गेलं तर बहिरेपण येऊ शकतं, तोल जाऊ शकतो. मग काडीवर मळ घेऊन काचेवर फिरवतात, रंगवतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी आहे की जिवाणू, ते कळल्याशिवाय थेंब कुठले द्यायचे ते कसं ठरणार? तपकिरी, आंबूस वासाचा मळ असला तर बहुतेक बुरशी. पिवळा-हिरवट पू, जखमा आणि हात लावू देत नाही, ते वाईट लक्षण. कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा चुरा दिसला तर कानातल्या किडी. पण हे सगळे अंदाज, काच खरी."

"आणि तेव्हा केस?" पक्याने चिवटपणे विचारलं. एवढं मान्य केलं पाहिजे, प्रश्न बरोबर होता.

"तेव्हा काढावे लागू शकतात," मीनल म्हणाली. केस आणि मळ मिळून नमद्यासारखा बोळा झाला असेल, थेंब खाली उतरतच नसतील, कान पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर डॉक्टर काढतात. सूज जास्त असेल तर आधी काही दिवस ती उतरवतात. दुखतं, म्हणून बऱ्याचदा गुंगीचं इंजेक्शन देऊन, आणि नंतर सुजेचं औषध. "काही कान असेही आहेत, वर्षानुवर्षं थोडे थोडे काढलेत आणि काही झालेलं नाही. त्यांचा क्रम मी मोडत नाही. पण तिथेही जे सैल आहेत तेवढेच, बोटाने, एका वेळी दोन-चार. खेचावा लागला तर तो केस तुझा नाही."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच!" पक्या.

"तू मुळापासून प्रत्येक म्हणालास."

"भावार्थ तोच."

अण्णांनी विचारलं, नुसतं डोकं झटकून एवढं काय बिघडतं? मीनलने सांगितलं की पाळीतली शीर फुटते, आत रक्त साचतं आणि कान पुरीसारखा टम्म फुगतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर नळी जाड होत होत बुजते, हाडासारखी टणक होते, आणि मग आख्खी नळीच शस्त्रक्रियेने काढून टाकावी लागते. कॉकर स्पॅनियलमध्ये हे फार दिसतं. कट्टा जरा शांत झाला. गिरणीवाल्याने शटर अर्धं ओढलं.

"चला, चहाचे कोण देतंय?" मीनलने उठता उठता विचारलं. "पक्या, आज तुझी पाळी."

पक्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसला.

"पक्या, पाच कटिंग."

काही नाही.

"मीनल," बंड्या म्हणाला, "पिशवीत चिमटा आहे का गं? ह्याच्या कानातले मुळापासून काढू. अकरा वर्षं तुंबलेत."

अण्णांना पुन्हा ठसका लागला. पैसे शेवटी त्यांनीच दिले.