बारावीनंतर शिल्पकला : एका हिशेबनिसाचे मत

बारावीचे निकाल लागले की बडोद्यातल्या मराठी घरांत दरवर्षी एक ठरावीक चर्चा सुरू होते. लग्नाच्या पंगतीत, खंडेराव मार्केटच्या भाजीगाळ्यापाशी, गणेश मंडळाच्या वर्गणीच्या बैठकीत, कुठेही गेलात तरी तीच. एक पक्ष म्हणतो की आमचे आयुष्य नोकरीत गेले, निदान मुलांना तरी मनासारखे करू द्या. दुसरा पक्ष म्हणतो की हौस सुट्टीत पुरवावी, शिक्षण मात्र पोटाचे घ्यावे. मला हे दोन्ही पक्ष सारखेच आळशी वाटतात, कारण दोघांपैकी कोणीही कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही. माझी मुलगी यंदा शिल्पकलेसाठी आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स, म्हणजे ललित कला विभागाची प्रवेश चाचणी देणार आहे आणि मी स्वतः एका कारखान्याच्या हिशेब विभागात आयुष्य काढलेला माणूस आहे. घरात या विषयावर बराच काळ जे बोलणे झाले, त्यातून माझे एक मत तयार झाले आहे, ते येथे जरा सविस्तर लिहितो.

स्वप्न योग्य की अयोग्य, हे ठरवणे पालकाचे काम आहे असे मला वाटत नाही. पालकाने एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा : हे स्वप्न घर चालवू लागेल अशी अपेक्षा किती वर्षांनी आहे, आणि तोपर्यंत घर कशावर चालणार? या प्रश्नाचे उत्तर मुलाजवळ असेल, अगदी कच्चे का असेना, तर त्याला अडवू नये. उत्तर नसेल तर त्याच्याबरोबर बसून ते शोधावे. पण उत्तर नाही म्हणून स्वप्नच मोडीत काढणे, किंवा "होईल सगळे, देव आहे" म्हणून प्रश्नच टाळणे, या दोन्ही गोष्टींनी मुलाचे नुकसान होते. माझा अनुभव असा की ज्या कामातून आनंद मिळतो त्याच कामावर पहिल्याच वर्षापासून भाडे, वीजबिल आणि पेट्रोल यांचा भार टाकला, तर ते काम लवकर थकते आणि करणारा त्याच्यावर चिडू लागतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच शहरात होऊन गेले. भूपेन खख्खर मूळचे मुंबईचे, १९३४ साली जन्मलेले, आणि शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली ते बडोद्याला आले आणि फाइन आर्ट्समध्ये कलासमीक्षेचा अभ्यासक्रम करू लागले. चित्रकार म्हणून नाव होऊ लागल्यावरही त्यांनी येथील एका कंपनीत अनेक वर्षे अर्धवेळ हिशेबाचे काम केले. घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशा साध्या माणसांना त्यांनी सत्तरच्या दशकात कॅनव्हासवर आणले. तेव्हा अशी चित्रे विकत घ्यायला कोणी रांगेत उभे नव्हते, आणि महिन्याचा पगार दुसरीकडून येत असल्याने त्यांना गिऱ्हाइकाची आवड पाहून विषय निवडण्याची गरज नव्हती. पुढे १९८४ साली पद्मश्री मिळाली आणि २०१६ साली, त्यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. मी व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे या माणसाविषयी मला जरा जास्तच आपुलकी आहे, हे कबूल करतो. पण त्यांची चित्रे इतकी मोकळी होण्यात त्या खातेवह्यांचाही वाटा आहे असे मला मनापासून वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की परतीची वाट ठेवली म्हणजे पुढच्या वाटेवर मन लागत नाही. नावा जाळूनच उतरावे लागते. ऐकायला हे फार शूर वाटते. परंतु ज्यांच्या नावा जळाल्या आणि जे किनाऱ्यालाही लागले नाहीत, त्यांना व्याख्यानाला कोणी बोलावत नाही, म्हणून आपल्याला फक्त पोहोचलेल्यांचेच भाषण ऐकू येते. रविवारी सकाळी पोलो ग्राउंडवर जाऊन पाहावे. पाठीवर किट बॅग घेतलेली सात-आठ वर्षांची मुले आणि दुचाकीवर हेल्मेट अडकवून उन्हात उभे असलेले त्यांचे वडील मोठ्या संख्येने दिसतील, आणि प्रत्येकाच्या तोंडी पंड्या बंधूंची गोष्ट असेल. त्यांचे वडील सुरतेतला धंदा बंद करून मुलांच्या क्रिकेटसाठी बडोद्याला आले, ही गोष्ट खरी आहे आणि त्या धाडसाला माझा नमस्कारच आहे. बडोद्याचा स्वतःचा रणजी संघ आहे, विजय हजारे याच शहरासाठी खेळले, १९४६-४७च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी केलेली ५७७ धावांची भागीदारी जवळजवळ साठ वर्षे जगात कोणाला मोडता आली नाही. तेव्हा येथील मुलांनी क्रिकेटचे स्वप्न पाहावे यात गैर काहीच नाही. माझे म्हणणे इतकेच की संघात अकरा जण खेळतात, ही संख्या मुलांच्या मेहनतीने वाढत नाही, आणि मैदानावरच्या बहुतेक वडिलांनी हा साधा भागाकार कधी केलेला नसतो. तो केल्यावरही सराव चालू ठेवता येतो. फक्त नववीत शाळा सोडण्याचा निर्णय मग घाईने होत नाही.

दुसऱ्या पक्षालाही, म्हणजे "आधी पोटाचे" म्हणणाऱ्यांना, थोडे सुनावले पाहिजे. आपल्या समाजाची घडण गायकवाडी चाकरीत झाली. पणजोबा सरकारी दप्तरात, आजोबा रेल्वेत, वडील बँकेत किंवा आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत, अशी आमच्या ओळखीतल्या किती तरी घरांची वंशावळ सांगता येईल. त्यातून "कायमची नोकरी" हाच शहाणपणाचा एकमेव नमुना डोक्यात बसला. पण त्या आयपीसीएलचेच पाहा. १९६९ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. जावयाची नोकरी तिथे असली की सासऱ्याची मान ताठ. २००२ साली सरकारने ती रिलायन्सकडे सोपवली, २००७ साली तिचे वेगळे नावही उरले नाही, आणि कॉलनीतल्या घराघरांत स्वेच्छानिवृत्ती घ्यावी की नाही यावर रात्री जागवल्या गेल्या. मुलांना व्यवहार शिकवताना आपण पुष्कळदा आपल्या तरुणपणीचा व्यवहार शिकवत असतो. तो खोटा होता असे नव्हे, पण त्याची मुदत संपली आहे का, हे एकदा तपासून घ्यायला हवे.

आता आमच्या घरचे. मुलगी चित्रे काढते हे लहानपणापासून माहीत होते, पण तेवढ्यावरून मी काही मानले नसते; लहानपणी सगळीच मुले काढतात. माझे मत बदलले ते तिच्या वह्या पाहून. फाइन आर्ट्सची मुले पूर्वापार रेल्वे स्टेशनवर आणि कमाटीबागेत रेखाटने करायला जातात, तशी ही सुद्धा जाऊ लागली. फलाटावर सामानाला टेकून झोपलेली माणसे, चादरीतून बाहेर आलेली पावले, चहाच्या किटलीवरचा हात, अशा रेखाटनांनी वही मागून वही भरली. त्यातली बरीचशी फसलेली होती आणि तिने ती फाडून टाकलेली नव्हती, बाजूला बारीक अक्षरात "खांदा उंच झाला", "वजन कुठे आहे?" असे स्वतःसाठीच लिहिलेले होते. कौतुक करायला कोणी नसताना जे मूल आपली चूक अशी नोंदवून ठेवते, त्याच्या स्वप्नाला मी हौस म्हणायला तयार नाही.

मग तिने गच्चीवर आजोबांचा मातीचा मुखवटा, म्हणजे पूर्ण मस्तकच, करायला घेतला. मे महिन्याच्या उन्हात ओले फडके आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळूनही कडेची माती तडकत होती, आणि आत पुरेसा आधार न दिल्याने एका सकाळी मान खचून आजोबांची हनुवटी छातीला टेकलेली आढळली. आजोबांनी ते पाहून "म्हातारा झोपला वाटते" एवढेच म्हटले. दुसऱ्या वेळी तिने आधी फळीवर लोखंडी सळई ठोकली, तिला तार गुंडाळली, तारेला लहान लाकडी फुल्या बांधून लोंबत ठेवल्या, म्हणजे माती त्यांना धरून राहते, आणि मग हात लावला. साचा काढताना प्लास्टर पाण्यात सोडायचे, प्लास्टरवर पाणी ओतायचे नाही, ते गरम होऊ लागण्याआधी हात चालवायचा, हे सगळे ती एका मूर्तिकाराकडे शिकली. गणपतीच्या आधीचा हंगाम तिने त्यांच्याकडे रोजावर काम केले होते. तिथे तिला आणखी एक गोष्ट कळली, जी कोणत्याही महाविद्यालयात लवकर कळत नाही : गिऱ्हाईक येते आणि सांगते की डोळे असे नकोत, गेल्या वर्षीसारखे हवेत, आणि आपल्याला ते करून द्यावे लागतात. घरी येऊन ती पुष्कळ चरफडली. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर गेली.

त्यानंतर आम्ही दोघे हिशेबाला बसलो. शिल्पकाराचा व्यवसाय माझ्या भाषेत सांगायचा तर खेळत्या भांडवलाचा व्यवसाय आहे. माती स्वस्त, ती पुन्हा भिजवून वापरता येते. पण पुढे फायबर, लाकूड, दगड आणि ब्राँझचे ओतकाम आले की खर्च आधी होतो आणि विक्री झालीच तर कितीतरी नंतर होते. चित्रकार आपली कामे भिंतीला टेकवून ठेवू शकतो, शिल्पाला जागा लागते आणि जागेला भाडे लागते. न विकलेला माल सांभाळणे हा सुद्धा खर्चच असतो. हे तिला मी सांगितले तेव्हा ती नाराज होईल अशी तिच्या आईला भीती होती, पण उलट तिनेच विचारले, "बाबा, मग हे लोक करतात तरी कसे?" हा फार चांगला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला माहीत नव्हते.

उत्तरासाठी आम्ही नामवंत शिल्पकारांकडे गेलो नाही. त्यांचा सल्ला मोलाचा असतो, पण त्यांच्या वाटेवर नशिबाचे जे वळण आले ते त्यांनाही दुसऱ्याला देता येत नाही. शिक्षण संपून काही वर्षे झालेली, अजून नाव न झालेली, तरी काम न सोडलेली मंडळी आम्ही शोधली. एक मुलगा शहराबाहेर तिघांत मिळून शेड भाड्याने घेतो आणि आठवड्यातले काही दिवस एका मोठ्या शिल्पकाराकडे मदतनीस म्हणून जातो. एक ताई शाळेत शिकवतात आणि सुट्ट्यांत स्वतःचे काम करतात. एकाने शिल्प सोडून चित्रपटांच्या सेटचे काम धरले आहे आणि तो मजेत आहे. हे पालकांनी अवश्य करावे, कारण स्वप्नाचा मधला भाग कसा दिसतो हे फक्त मधल्या लोकांकडूनच कळते. या भेटींनंतर तिचा आग्रह कमी झाला नाही, पण "मी प्रसिद्ध होईन" हे वाक्य मात्र तिच्या बोलण्यातून गेले आणि त्याजागी "वेल्डिंग शिकायला हवे" हे आले.

आमच्या बाजूने आम्ही तिला घरची परिस्थिती आकड्यांसकट सांगितली. पदवीपर्यंतचे शिक्षण आणि साहित्य आमच्याकडे, आजीच्या औषधपाण्याच्या ठेवीला हात लावायचा नाही, पदवीनंतर राहायला घर आहे पण शेडचे भाडे तिने स्वतः मिळवायचे. मुलांना पैशाचे ओझे नको म्हणून आपण लपवतो, आणि मग एखाद्या भांडणात तोच आकडा त्यांच्या तोंडावर फेकतो. त्यापेक्षा आधीच शांतपणे सांगितलेले बरे.

मेहनतीविषयी एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली, ती येथेही लिहितो. "मेहनत केली की सगळे मिळते" हे वाक्य मी माझ्या मुलीला कधी सांगणार नाही, आणि बडोद्यात राहणाऱ्याने तर ते कोणालाच सांगू नये. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या राज्याने डॉ. आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जे कष्ट उपसले त्याला तोड नाही. १९१७ साली करारानुसार ते नोकरीसाठी येथे परतले, तेव्हा याच शहरात त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, आणि ते कमाटीबागेत जाऊन बसले. त्यांच्या प्रयत्नांत काही कमी होते का? कमतरता शहरात होती, त्यात आपल्या आजोबा-पणजोबांचे बडोदेही आले. तेव्हा ज्याला यश आले नाही त्याने कष्टच केले नसतील, असे म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे. स्वतःच्या मुलांविषयी तर नक्कीच.

आता एकच मुद्दा घरात अनिर्णित आहे. तिच्या आईचे म्हणणे असे की पदवीनंतर शिक्षकाची पात्रताही मिळवून ठेवावी, म्हणजे शाळेची नोकरी धरता येईल. मुलीचे म्हणणे असे की शाळेत दिवसभर शिकवून घरी आल्यावर मातीला हात लावायचे त्राण उरत नाही, त्यापेक्षा हंगामी मूर्तिकाम आणि मदतनिसाचे काम परवडले. मला दोघींचेही पटते, आणि माझ्या वहीत हे दोन रकाने अजून जुळलेले नाहीत. बडोद्यात किंवा बाहेर ज्यांनी शाळेची नोकरी सांभाळून शिल्पकाम चालू ठेवले आहे, किंवा ज्यांना ते जमले नाही, अशा दोघांनीही आपला अनुभव खाली लिहावा. आठवड्यात स्वतःच्या कामाला प्रत्यक्ष किती तास मिळतात, एवढे कळले तरी आमचे काम होईल.