टाकी फुटत नाही म्हणे! आणि आतल्या गॅसचं काय?

"फायबरची नवी गॅस टाकी आली! कधीच फुटत नाही, गंजत नाही, हिला एक्स्पायरी नाही. रात्री रेग्युलेटर बंद करायची कटकट संपली. निम्म्या वजनात तेवढाच गॅस. आतला गॅस दिसतो, काठोकाठ नसेल तर गॅसवाल्यानं चोरला समजा. संपत आली की आडवी करा, वर गरम पाणी ओता. जुनी झाली की गाडीत सीएनजीला वापरा. पुरातसुद्धा बुडत नाही, सांगली-मिरजकरांना वरदान!"

हा मजकूर भिशीच्या, सोसायटीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अशा सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. फिरेना का, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण कुपवाडच्या आमच्या आत्यानं तो वाचून रात्री रेग्युलेटर बंद करणं खरंच सोडलं. तेव्हा आता एकेक ओळ घेऊ. सगळ्या ओळींना सारखा वेळ देणार नाही, त्यांची तेवढी लायकी नाही.

"कधीच फुटत नाही, म्हणून रात्री रेग्युलेटर बंद करायला नको"

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर दुसरं खपतंय. म्हणून आधी खरं काय ते सांगतो.

या टाकीत तीन थर असतात. सगळ्यात आत एचडीपीई प्लॅस्टिकचं अस्तर, म्हणजे साच्यात फुगवलेला एक मोठा फुगाच. त्याचं काम फक्त गॅस अडवून धरायचं. त्यावर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट राळेत भिजवलेल्या काचतंतूंचे वेढे आडवे-तिरपे गुंडाळलेले असतात, आतला दाब हेच पेलतात. बाहेर पुन्हा एचडीपीईचं कवच, धक्के खायला आणि धरायला.

आता घराला आग लागली आणि टाकी ज्वाळांत सापडली असं धरू. लोखंडी टाकीत द्रवाच्या वरचा जो कोरडा पत्रा असतो तो तापून मऊ पडतो. आत द्रव उकळून दाब चढतच असतो. शेवटी पत्रा फाटतो आणि आतला सगळा द्रव एका क्षणात वाफ होऊन पेटतो. काचतंतूंची टाकी उष्णता आत लवकर जाऊ देत नाही. बाहेरचं रेझिन जळत जातं, आतलं अस्तर वितळतं, आणि मग भिंतीतून गॅस झिरपून बाहेरच्या बाहेर जळतो. दाब साचत नाही, म्हणून धडाका होत नाही. हा गुण खरा आहे आणि मोठा आहे, हे मान्य.

पण तो कधी उपयोगी पडतो? आग आधीच लागलेली असताना. आपल्याकडे पेपरात "सिलिंडरचा स्फोट" म्हणून बातमी येते, त्यात कितीदा तरी भिंत पडलेली असते, खिडक्या रस्त्यावर आलेल्या असतात आणि टाकी मात्र जागच्या जागी उभी, अख्खी. फुटलेली असते ती गॅस भरलेली खोली. गॅस येतो कुठून? कडक होऊन चिरलेल्या नळीतून, वॉल्व्हमधल्या झिजलेल्या रबरी रिंगेतून, नीट न बसलेल्या रेग्युलेटरमधून, किंवा दूध उतू जाऊन विझलेल्या शेगडीतून. यातली एक तरी गोष्ट टाकी फायबरची केल्यानं बदलली का? गॅस तोच, नळी तशीच, शेगडी तीच.

किती गॅस लागतो, त्याचा हिशेब बघा. आठ बाय दहा फुटांचं स्वयंपाकघर धरू. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, त्यामुळे तो फरशीवर पसरतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 1.8 टक्क्यांच्या पुढे गेलं की ठिणगीचीच वाट. खोलीतला फरशीलगतचा फक्त एक फुटाचा थर धरला तर ती हवा सव्वादोन घनमीटर भरते. तिचे 1.8 टक्के म्हणजे सुमारे 40 लिटर वायू, आणि त्याचं वजन शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. शेगडीचा मोठा बर्नर तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस जाळतो. तो न पेटता नुसता उघडा राहिला, तर अर्ध्या-पाऊण तासात एवढा गॅस फरशीवर येतो. टाकीत दहा किलो असतो. आणि ठिणगी तर फ्रिजसुद्धा देतो, त्याला माणूस उठावा लागत नाही.

रात्री रेग्युलेटर बंद केला की नळी आणि शेगडी दोन्ही गॅसपासून तुटतात. सगळ्या साखळीतला हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि नेमका तोच सोडायला सांगणारा हा मेसेज. आत्या, तेवढा नॉब फिरव.

आणखी एक. "फुटत नाही" म्हणून लोक ही टाकी ट्रॉलीच्या बंद खणात ठेवायला लागलेत. खणाला खाली जाळी नसेल तर गळलेला गॅस तिथेच साचतो. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करायचा, मग दारं-खिडक्या उघडायच्या. दिवा लावायचा नाही आणि बंदही करायचा नाही, पंखासुद्धा नाही. घराबाहेर येऊन 1906 ला फोन करायचा. गळती शोधायची ती साबणाच्या फेसानं, काडी पेटवून नव्हे. नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदला.

"काठोकाठ नसेल तर चोरी"

हे वाचून काही सोसायट्यांत गॅसवाल्या पोरांशी भांडणं झाली म्हणे. ती पोरं पाठीवर टाकी घेऊन तीन जिने चढतात, त्यांना निदान हिशेबाची चूक तरी लावू नका.

एलपीजीची कुठलीही टाकी काठोकाठ भरत नाहीत, भरायचीच नसते. आपली नेहमीची लोखंडी टाकी 33.3 लिटरची, तिच्यात गॅस 14.2 किलो. द्रव गॅस लिटरला अर्ध्या किलोहून थोडा जास्त भरतो. म्हणजे द्रव झाला साधारण 26 लिटर, वर सात लिटर जागा वाफेसाठी मोकळी. लोखंडात ती दिसत नव्हती म्हणून कुणाला शंका आली नाही. फायबरमध्ये दिसायला लागली आणि चोरी ठरली!

ही जागा सोडण्याचं कारण साधं आहे. द्रव एलपीजी उष्णतेनं फार फुगतो. 30 अंशांनी तापमान वाढलं तर सात-आठ टक्के, पाणी तेवढ्यात जेमतेम एक टक्का फुगतं. पहाटे 20 अंशात काठोकाठ भरलेली टाकी मे महिन्यात तासगाव-जतकडच्या उन्हात टेम्पोवर उभी राहिली, तर द्रवाला फुगायला जागाच नाही. मग दाब वाफेचा राहत नाही, कोंडलेल्या द्रवाचा होतो, आणि तो एकेका अंशाला झपाट्यानं चढतो. मेसेजवाल्याला हवी तशी काठोकाठ टाकी कुणी दिलीच, तर "कधीच फुटत नाही" हे त्याच टाकीवर तपासून बघायची वेळ येईल.

बरं, पातळी बघून वजन कळतं का? अंदाज येतो, एवढंच. मागून बॅटरीचा उजेड धरला तर रेघ दिसते. पण तळ गोल असल्यामुळे अर्धी उंची म्हणजे अर्धा गॅस नव्हे, आणि सकाळ-दुपारची रेघही थोडी सरकते. शंका असेल तर काट्यावर ठेवा. टाकीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, एकूण वजनातून ते वजा करा, उरला तो गॅस. दारात वजन करून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यासाठी फायबरची टाकी यायची गरज नव्हती.

"निम्म्या वजनात तेवढाच गॅस"

नाही. 2021 मध्ये इंडेननं ही टाकी आणली ती दहा आणि पाच किलोची. लोखंडीत 14.2 किलो. भरलेली लोखंडी टाकी तिशीच्या घरात जाते, भरलेली दहा किलोची फायबर सोळा-सतराच्या आसपास. उचलायला हलकी, हे अगदी खरं. म्हाताऱ्या माणसांना, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना फायदा आहेच. पण टाकी लवकर संपते, कारण गॅसच कमी आहे, आणि अनामत जास्त.

"आडवी करा, गरम पाणी ओता"

इथे माझं मत राहू दे, गॅस सिलिंडर नियम, 2016 बघा. हे नियम पेसो, म्हणजे केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना राबवते, तिचं मुख्यालय नागपुरात. सिलिंडरच्या व्याख्येतच त्यात कंपोझिट सिलिंडर, म्हणजे ही फायबरची टाकी, धरलेला आहे, म्हणजे "हे लोखंडासाठी, फायबरला नाही" ही पळवाट बंद. त्यात स्पष्ट आहे की एलपीजीचे सिलिंडर उभेच ठेवायचे आणि उष्णतेपासून लांब ठेवायचे.

कारणही कठीण नाही. उभ्या टाकीत वॉल्व्हपाशी वाफ असते. आडवी केली की तिथे द्रव येतो. रेग्युलेटर वाफेसाठी बनवलेला, तो शेगडीला फार थोडा दाब देतो. द्रव त्यातून पुढे गेला की एकाच्या अडीचशे पट वाफ होते आणि शेगडीवर हातभर ज्योत उठते.

गरम पाण्याची युक्ती महाबळेश्वर-पाचगणीकडे थंडीत लोखंडी टाक्यांवर करतात, तीही चूकच. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण, आणि टाकी संपत आली की आत उरलेल्यात ब्युटेन जास्त असतं. ते शून्य अंशाच्या जवळ उकळतं, त्यामुळे थंडीत दाब पडतो. फायबरवर तर पाणी ओतून उपयोगही नाही, ती उष्णता आत जाऊच देत नाही. याच कारणानं मोठ्या शेगडीवर सलग गॅस ओढला तर फायबरची टाकी लोखंडीपेक्षा लवकर मलूल होते: द्रवाची वाफ व्हायला बाहेरून ऊब मिळत नाही. फॉरवर्डमध्ये हा खरा तोटा कुठेच नाही.

"गंजत नाही, एक्स्पायरी नाही"

गंजत नाही, खरं. पण काचतंतूंना आम्लाचं वावडं आहे. बॅटरीचं पाणी, संडास साफ करायचं आम्ल यांच्या शेजारी ती ठेवू नका. कवचाला तडा असेल, आतल्या वेढ्यांवर पांढुरका डाग किंवा सुटलेला धागा दिसत असेल तर टाकी परत करा. लोखंडाला पोचा पडला की दिसतो, इथे वरून सगळं ठीक आणि आत थर सुटलेले असू शकतात. तपासणीची तारीख या टाकीलाही असते. लोखंडी टाकीच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि पुढे वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि ती पुढच्या तपासणीची मुदत. अग्निशमन जवानांच्या पाठीवरच्या कार्बन फायबरच्या हवेच्या टाक्या यापेक्षा कितीतरी भारी, तरी त्यातल्या अनेक 15 वर्षांनी बाद करतात.

"जुनी झाली की सीएनजीला"

हे लिहिणाऱ्यानं निदान आकडे बघायचे होते. दाब मोजतात बारमध्ये. कारच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार. एलपीजीच्या टाकीत 40 अंशाला जास्तीत जास्त दहा बारच्या आसपास. सीएनजी भरतात 200 बारला. वीसपट! गाडीत बसवतात त्या कंपोझिट टाक्या वेगळ्या जातीच्या: भिंत जाड, बहुतेकदा कार्बन फायबर, मंजुरी वेगळी, तपासणी वेगळी. आणि "फायबर आगीत फुटत नाही" हे तिथे उलटं पडतं. 200 बारचा दाब आधीच भिंतीवर असतो. एका बाजूला आग लागली की तिथलं रेझिन जळून वेढे कमजोर होतात, आणि उष्णता पसरत नसल्यानं दुसऱ्या टोकाच्या सुरक्षा झडपेला पत्ता लागत नाही. म्हणून त्या टाक्यांना सुमारे 110 अंशाला उघडणारी झडप लावतात, आणि लांब टाकीला एकच पुरत नाही. घरगुती गॅसची टाकी सीएनजीला लावायची कल्पना सुचणाऱ्यानं पंपावर आपल्या शेजारी उभं राहू नये, एवढीच विनंती.

"पुरात बुडत नाही"

बरोबर, बुडत नाही. वाहून जाते. भरलेली लोखंडी टाकीसुद्धा पाण्यात तरंगते: आकार पस्तीस लिटरचा, वजन तिसाच्या आत-बाहेर. फायबरची तर आणखी हलकी, आणखी वर. ऑगस्ट 2019 ला कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात आणि आयर्विन पुलाच्या अलीकडे-पलीकडे घरांत शिरलं होतं, तसं पुन्हा आलं आणि टाकी शेगडीला जोडलेलीच राहिली, तर ती उचलली जाताना नळी उपसते आणि गॅस पाण्यावर बुडबुडत बाहेर पडतो. पाणी अंगणात आलं की रेग्युलेटर काढायचा, वॉल्व्हवर टोपी घट्ट बसवायची, टाकी माडीवर न्यायची. ते जमत नसेल तर खिडकीच्या गजाला उभी बांधायची, सुतळीनं नव्हे, कासऱ्यानं. पाणी ओसरल्यावर चिखल भरलेला वॉल्व्ह घरी साफ करून रेग्युलेटर लावायचा नाही. टाकी एजन्सीकडे परत द्यायची, रेग्युलेटर आणि नळी नवी घ्यायची.