‘जठर लहान केलं की खाणं आपोआप सुटतं’ या मेसेजला उत्तर

वजन कमी करण्याच्या सर्जरीबद्दल एक मेसेज सतत पुढे पाठवला जातो. त्यात म्हटलेलं असतं, की जठर एवढंसं होतं की मनात आलं तरी जास्त खाता येत नाही. भुकेचं हार्मोन निघून जातं, गोडाचा त्रास होतो म्हणून गोडही सुटतं. तेव्हा आधी मानसशास्त्रज्ञाकडे जाणं आणि खाण्याच्या नोंदी ठेवणं म्हणजे वेळकाढूपणा, शिवाय तिथे खरं बोललात तर सर्जरीच नाकारतील. यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्यावरच लोक विसंबतात.

‘जास्त खाताच येत नाही.’ एका बैठकीला येत नाही, हे खरं. ‘स्लीव्ह’ या प्रकारच्या सर्जरीत जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि अरुंद नळी उरते. ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारात जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून थेट आतड्याला जोडतात, आणि अन्न उतरतं तो हा कप्पा साधारण 30 मिलिलिटरचा असतो. ही मर्यादा किती अन्न मावतं याची आहे, कॅलरींची नव्हे, आणि ती जाणवते ती घट्ट अन्नालाच. उकडलेलं अंडं नीट चावून खाल्लं तर ते तिथे रेंगाळतं आणि काही घासांतच छातीखाली दाब येतो. चॉकलेट तोंडातच वितळतं, पातळ होऊन पुढे सरकतं, दाब येतच नाही. 100 ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये पाचशेहून जास्त कॅलरी असतात. तुकडा तुकडा करत संध्याकाळभरात ते संपतं आणि पोट भरल्याची जाणीव एकदाही होत नाही. ताण आला की भसाभसा खाणारा माणूस सर्जरीनंतर तसं खाऊ शकत नाही, पण तो दिवसभर चरू लागतो, येता-जाता काहीतरी तोंडात टाकत राहतो. वजन पुन्हा चढण्याचं हे नेहमी दिसणारं कारण आहे.

याची दुसरी बाजू वजनापेक्षा गंभीर आहे. मनात खळबळ असताना घाईनं, न चावता गिळलं तर अन्न अडकतं आणि उलटी होते. हे रोजचं झालं तर थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व कमी पडतं आणि नसांना इजा होऊ शकते. वारंवार उलट्या होत असतील तर पुढच्या तपासणीची वाट न बघता सर्जनला लगेच कळवायला हवं.

‘भुकेचं हार्मोनच काढून टाकतात.’ घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये तो भाग काढला जातो. सुरुवातीचे महिने भूक खरोखर मंदावते. बायपासमध्ये मात्र तो भाग शरीरातच राहतो, फक्त अन्नाच्या वाटेतून बाजूला होतो. अनेकांची भूक वर्ष-दीड वर्षात परतू लागते. आणि मुळात कंटाळा, राग, एकटेपणा यांनी सुटणारी खा-खा पोटातल्या भुकेवर अवलंबून नसतेच.

ही खा-खा ओळखायची कशी? सर्जरीआधी किमान 14 दिवस प्रत्येक खाण्याची नोंद ठेवावी, आणि ती खाण्याच्या आधी करावी. नंतर लिहिलेली नोंद आठवणीतून सजवली जाते. वेळ, जागा, 0 ते 10 मध्ये भूक किती, नुकतंच काय घडलं, मनात काय आहे, आणि खाऊन झाल्यावर काय वाटलं, एवढंच लिहायचं. एक नोंद अशी दिसते: ‘रात्री 10:40. कामाचा फोन संपला. भूक 2. बिस्किटं 9, कपाटासमोर उभ्यानं. चव लक्षात नाही. नंतर स्वतःचाच राग.’ वही वाचताना भूक 3 पेक्षा कमी असलेल्या नोंदींवर खूण करावी. त्या एखाद्याच तासाला किंवा एखाद्याच प्रसंगानंतर गोळा झालेल्या दिसतात.

इथे एक चूक फार होते. सकाळपासून उपाशी राहून संध्याकाळी तुटून पडणं याला लोक भावनिक खाणं समजतात. म्हणून आधी खाण्याच्या वेळा बांधून घ्याव्यात, मधलं अंतर चार-पाच तासांपेक्षा जास्त नको. त्यानंतरही जी खा-खा उरते, ती मनाची. तिच्यासाठी पर्याय असा हवा की तो त्याच जागी दोन मिनिटांत सुरू करता येईल. ‘फिरायला जाईन’ हा पर्याय रात्री पावणेअकराला टिकत नाही. दिवा बंद करून अंथरुणावर पडणं, एखाद्याला फोन लावणं, गरम पाण्यानं अंघोळ हे टिकतात. पंधरा-वीस मिनिटं गेली की ओढ बहुधा ओसरते. हा सराव सर्जरीआधीच व्हायला हवा, कारण नंतरचे पहिले काही आठवडे पातळ आणि मऊ खाण्याचे असतात. खाण्यातून मिळणारा आधार त्या दिवशी एकदम काढून घेतला जातो.

‘गोड आपोआप सुटतं.’ या समजामागे ‘डम्पिंग’ नावाचा त्रास आहे. गोड खाल्ल्यावर 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा. हे बायपासमध्ये जास्त दिसतं, पण सगळ्यांना होत नाही आणि अनेकांत काळानुसार कमी होतं. काहींची साखर एक ते तीन तासांनी खाली जाते, हातपाय थरथरतात आणि पुन्हा गोडच हवंसं वाटतं. ज्याचा धाक म्हणून भरवसा धरला, तेच मग गोडाकडे ढकलतं.

खाणं बंद झालं म्हणून मन गप्प बसत नाही. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या समस्येचं प्रमाण सर्जरीनंतरच्या दुसऱ्या वर्षात वाढलेलं दिसलं. ताण उतरवायला आज काय तोंडाला लावता, हे म्हणूनच आधी विचारतात.

‘खरं सांगितलं तर नाकारतील.’ ही भीती सगळ्यात जास्त नुकसान करते. आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने, ताबा सुटून भरमसाट खाल्लं जात असेल तर तो बिंज इटिंगचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तेवढ्यावरून सर्जरीचा दरवाजा सहसा बंद होत नाही. फार तर काही महिने आधी उपचार घ्यायला सांगतात. नियंत्रणात नसलेलं व्यसन, तीव्र मानसिक आजार किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढण्याची सवय असेल तर तारीख पुढे जाते, आणि जायलाच हवी. सर्जरीनंतर किती वजन उतरेल याचा अंदाज आधीच्या बिंजवरून नीट बांधता येत नाही. सर्जरीनंतरही खाण्यावरचा ताबा सुटत राहिला, तर मात्र वजन कमी उतरतं. म्हणजे आज झाकून ठेवलेली गोष्ट नेमकी तेव्हा आडवी येते, जेव्हा मदतीला कोणी ठरलेलं नसतं.

मानसशास्त्रज्ञाकडे जाताना ती वही आहे तशी न्यावी. स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवू नये, वाईट दिवसाची पानं फाडू नयेत, आणि ज्या दिवशी काहीच लिहिलं नाही तो दिवसही कोराच राहू द्यावा. त्या दिवशी काय झालं होतं, हा तिथला पहिला प्रश्न असू शकतो.