तोरणमाळला तंबूत राहायला जाताय? मग एवढं कराच

शनिवार-रविवार आला की घरी बसणं पाप आहे, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. तेव्हा दोन गाड्यांत चौदा माणसं कोंबा आणि सातपुड्यातलं तोरणमाळ गाठा. म्हसावद, राणीपूर सोडलं की सातपायरीचा घाट लागतो. तिथे ऐन वळणावर गाडी थांबवून आजीसकट सगळ्यांचे फोटो काढा. खालून एसटी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या, ड्रायव्हरला दुसरं काम काय?

केळीच्या वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या वाऱ्यावर सोडा. साडेतीन हजार फुटांच्या वर वारा चांगला असतो, लांब जातात.

यशवंत तलावाकाठी कितीही मोकळी जागा असो, तंबू दुसऱ्याच्या तंबूला चिकटूनच ठोका. माणुसकी वाढते.

आता मुख्य गोष्ट, स्पीकर. पांघरुणं विसरलात तरी चालेल, पण चाकं लावलेला तो बॅगेएवढा स्पीकर विसरू नका. डोंगरातली शांतता मुलांच्या तब्येतीला वाईट. त्याचं तोंड तलावाकडे करा, म्हणजे पलीकडच्या काठालाही वरातीचं सुख मिळेल. साडेदहाला शेजारचा माणूस येईल. डोक्याला कानटोपी, मागे डोळे चोळत उभी असलेली सात वर्षांची लेक. त्याला म्हणा, "आमी काय रोज येतस का भाऊ?" तो रात्री 10 ते सकाळी 6 चा नियम सांगायला लागला की शेवेची ताटली पुढे करा. बाराला परत आला तर काकांना पुढे करा. काकांचा साडू पोलिसात असतोच. आणि सव्वाला तीच वरातीची गाणी तिसऱ्यांदा लावा, कारण तोवर तुमच्यातलं एकही माणूस नाचत नसतं! मी बघितलं ना येऊन. सगळे ढाराढूर, आणि स्पीकरपाशी एकटा भाचा मोबाईलात मुंडी घालून बसलेला. मग चाललं होतं कोणासाठी ते? सातपुड्यासाठी? मृगाचा बाण दाखवतो म्हणून मी पोरीला जळगावहून इतक्या लांब घेऊन गेलो. स्पीकरला निळे-जांभळे दिवे होते, तेवढेच तारे तिने पाहिले.

असो. सीताखाईच्या दरीच्या टोकावर मुलाला उभं करा आणि "अजून जरा मागे" म्हणा.

जेवायला भरीतच. भरताची वांगी आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांची मोळी घरूनच आणा. गॅसवर भाजलेल्या भरितापेक्षा उपाशी झोपलेलं बरं, याबाबत माझं तुमच्याशी भांडण नाही. जाळ मात्र वाळल्या गवताच्या मधोमध करा. बडगीत, म्हणजे भरिताच्या लाकडी उखळीत, मिरच्या-लसूण ठेचा, पुऱ्यांबरोबर हाणा, आणि सकाळी निघताना निखाऱ्यांकडे ढुंकूनही बघू नका. विझवायला ते काय आपल्या घरचे आहेत?

नाही, जमत नाही मला हे असं गोड बोलणं. रविवारी तुमच्या गाड्या गेल्या तेव्हा ते निखारे लालबुंद होते हो! डिसेंबरातलं गवत म्हणजे नुसता कापूस. राखीव जंगलात विस्तव पेटता टाकून जाणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा गेला खड्ड्यात. तिथे भिल्ल-पावऱ्यांची कुडाची घरं आहेत, त्यांची गुरं त्याच डोंगरावर चरतात. तुमच्याही कडेवर पोरं होती की! मी आणि माझी लेक पाण्याच्या बाटल्या घेऊन तलावावर नऊ खेपा घालत होतो, आणि तिच्या एका चपलेचा तळ वितळला. पाड्यावरची एक बाई बकऱ्या सोडून धावत आली. ओल्या फांदीने तिने कडेचं गवत झोडपलं, आणि आग बसल्यावर एक शब्द न बोलता तुमच्या उष्ट्या पत्रावळी गोळा करायला लागली. तुमच्या उष्ट्या! मी खाली मान घालून तिच्याबरोबर वाकलो. तिला काय माहीत मी तुमच्यातला नव्हतो म्हणून?

आणि हो, बडगी विसरलात तुम्ही. जुनी दिसते, काठ झिजून गुळगुळीत झालाय, आजीचीच असणार. माझ्या डिक्कीत आहे. न्यायला या, फक्त काकांना घेऊन या.