घोड्यावरून अळीवर

माझा लॅपटॉप डेबियन नावाच्या मुक्त कार्यप्रणालीवर (विंडोजच्या जागी असते ती) चालतो. जून २०२३ मध्ये तिची १२ वी आवृत्ती आली. मी ११ वर होतो. "पुढच्या शनिवारी करून टाकू," म्हणालो. तो शनिवार उजाडायला चौदा महिने लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये ११ च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या (त्यानंतरची दोनेक वर्षं वेगळी मंडळी त्याला सांभाळणार होती, पण ते म्हणजे पेन्शनीत निघणं), तेव्हा कुठे मी कंबर कसली.

"काय चाललंय?" आईनं विचारलं.

"बुल्सआयवरून बुकवर्मवर जातोय."

डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्यांची नावं असतात. नव्वदच्या दशकात प्रकल्पाची धुरा वाहणारा ब्रूस पेरेन्स तो सिनेमा काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होता, त्याची ही कृपा. बुल्सआय, म्हणजे आमची ११, हा घोडा. बुकवर्म, म्हणजे १२, ही चष्मा लावून टॉर्च घेऊन फिरणारी अळी. हे सगळं शांतपणे ऐकून घेऊन आई म्हणाली, "म्हणजे चांगल्या घोड्यावरून उतरून अळीवर बसायचं. बरं."

डेबियनवाले अपग्रेडच्या आधी वाचायला एक लांबलचक माहितीपत्रक देतात. ते मी वाचलं, म्हणजे भिऊन वाचलं. बॅकअप घ्या. बाहेरून आणून बसवलेली पॅकेजेस (प्रोग्रामांची गाठोडी) काढा. डिस्कवर जागा आहे का बघा. आणि मधली आवृत्ती गाळू नका: दहावरून थेट बारावर जाता येत नाही. दहावीतून थेट बारावीत कोण बसवून घेतं?

बॅकअपची हार्ड डिस्क गॅसच्या पुस्तकाखाली सापडली. जागेचं मात्र कठीण होतं. शोधता शोधता चार जुने कर्नल (प्रणालीचा गाभा, फौजेतले नव्हेत) निघाले, माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखे, 'असू दे, लागतं कधी' म्हणून ठेवलेले. चालू असलेला सोडून बाकीचे मोडीत काढले.

मग सोर्सेसची यादी, म्हणजे पॅकेजेस कुठून आणायची ते पत्ते. तिथे बुल्सआय खोडून बुकवर्म लिहायचं, एवढंच. पण एक गोम आहे. माझ्या वायफाय चिपला लागणारं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) मुक्त नाही, आणि डेबियनचं सोवळं कडक. अशा गोष्टी पूर्वी 'नॉन-फ्री' नावाच्या ओसरीवर बसायच्या. २०२२ मध्ये या मंडळींनी रीतसर मतदान घेतलं आणि १२ पासून फर्मवेअरला 'नॉन-फ्री-फर्मवेअर' अशी स्वतंत्र खोली मिळाली. यादीत त्या खोलीचं नाव घालायला विसरलात तर आहे ते चालत राहतं, पण पुढच्या दुरुस्त्या येईनाशा होतात. आमच्या आजीचंही असंच होतं. सोवळं म्हणजे सोवळं, पण मागच्या दारानं सगळ्यांना चहा.

आधी साधं अपग्रेड, मग 'ॲप्ट फुल-अपग्रेड' हा मोठा हुकूम. दीड हजारांवर पॅकेजेस. सगळी आधी उतरवून घेतली जातात आणि मग बसवली जातात, त्यामुळे मध्येच इंटरनेट गेलं तरी बिघडत नाही. पडद्यावरून ओळी धो धो वाहायला लागल्या. मी हाताची घडी घालून, हे सगळं मीच करतोय अशा चेहऱ्यानं बघत बसलो.

आणि पाणी अडलं.

लॉगिनडी-डॉट-कॉन्फ नावाची एक सेटिंग्जची फाइल आहे. ती म्हणे बसवल्यापासून बदललेली आहे, 'तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टनं'. काय ती सभ्यता! बरणीतले लाडू कमी झाले की आई अशीच म्हणायची, "तू खाल्लेस किंवा मुंग्यांनी." आता नवी फाइल घ्यायची असेल तर वाय, आपली जुनी ठेवायची असेल तर एन, फरक बघायचा असेल तर डी. आणि 'परिस्थितीची पाहणी' करण्यासाठी झेड. झेड दाबला की पूरग्रस्त भागात मंत्री उतरावेत तसे आपण आत उतरतो, आणि तितकेच उपयोगी पडतो.

मी ही फाइल कधी बदलली? कशाला? काही केल्या आठवेना. चौदा महिने ज्या अपग्रेडला घाबरलो ते बिनबोभाट चाललं होतं, आणि मी अडकलो होतो माझ्याच हस्ताक्षरापाशी. डी दाबला. अधिक-उण्याच्या चिन्हांमधून एक ओळ वर आली: हँडललिडस्विच बरोबर इग्नोअर. झाकण मिटलं तरी दुर्लक्ष कर.

मग लख्ख आठवलं. २०२१, घरून काम. मी जरा उठलो की आई लॅपटॉप मिटून ठेवायची. उघडी पोथी ठेवू नये, तसा उघडा लॅपटॉपही ठेवू नये, असं तिचं मत. आणि माझा लॅपटॉप एकदा झोपला की उठेलच याची खात्री नाही. तिला समजावणं जमलं नाही, म्हणून लॅपटॉपला समजावलं होतं.

एन दाबला. ओळी पुन्हा वाहू लागल्या. मी चहा टाकायला आत गेलो.

पाच-सात मिनिटांनी कप घेऊन बाहेर आलो तर लॅपटॉप मिटलेला. वर क्रोशाचा रुमाल. रुमालावर, तो उडू नये म्हणून, अडकित्ता.

"आई!"

"धूळ बसते रे. आणि पंखा केवढा ओरडतोय त्याचा, म्हटलं जरा पडू दे त्याला."

अडकित्ता उचलला, रुमाल काढला, झाकण उघडलं. ओळी वाहतच होत्या. 'सेटिंग अप', 'सेटिंग अप', 'सेटिंग अप', आपल्याला कोणी झाकलं होतं याचा पत्ताच नसल्यासारख्या. मी चहा पिईपर्यंत संपल्यासुद्धा.

रीबूट केलं. बुकवर्म आलं, वायफाय आलं, मराठी कळफलकही जागेवर होता. आईनं चष्मा सावरून पडदा पाहिला.

"एवढं करून नवीन काय आलं?"

मीही पाहिलं. "मागचं चित्र बदललंय."

"हं," म्हणाली आणि रुमालाची घडी घालायला लागली.

रात्री मी ती फाइल पुन्हा उघडली आणि त्या ओळीच्या डोक्यावर, हॅश देऊन, पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलं: 'ही ओळ काढू नये. कारण: आई.'